नाळेवरचा माणूस

लंडनमधल्या ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात एक प्रचंड लाकडी पक्षी आहे. त्याच्या पाठीवर पगडी घातलेला एक पुरुष मांड ठोकून बसलाय आणि त्याच्या हातात छत्री आहे. शेजारच्या गोऱ्या, गुबगुबीत सरदारांच्या पुतळ्यांमध्ये हा एकटाच असा पक्ष्यावर बसून निघालेला. 'सेरिंगापटम' (इंग्रजांच्या तोंडचं श्रीरंगपट्टण, टिपूची राजधानी) नावाच्या शिडाच्या युद्धनौकेच्या अगदी पुढच्या टोकावर, म्हणजे नाळेवर, तो बसवलेला असायचा. पुतळा टिपू सुलतानाचा आहे असं मानतात. ही नौका १८१९ साली आपल्या मुंबईच्या गोदीत, सागाच्या लाकडातून बांधली गेली.

माझी नजर आधी छत्रीवर गेली. आपल्याकडे राजा स्वतःच्या हातानं छत्र धरत नाही. छत्र धरायला माणूस असतो, चामरं ढाळायला दुसरा असतो, आणि राजाचे हात मोकळे असतात. ज्यानं हा पुतळा मनात रचला त्याला छत्री ही राजेपणाची खूण आहे एवढं पक्कं माहीत होतं. ती कुणी धरायची असते हे मात्र त्याच्या डोळ्यांसमोर नसावं. म्हणून मग सुलतान स्वतःच छत्री उघडून बसलाय, पावसात रिक्षाची वाट बघणाऱ्या माणसासारखा.

दुसरी गोष्ट तो पक्षी. संग्रहालयवाले त्याला अरबी कथांमधला रॉक पक्षी म्हणतात, हत्ती उचलून नेणारा. मला तिथं उभं असताना हुमा आठवला. टिपूच्या सिंहासनावर जे छत होतं, त्याच्या शिखरावर रत्नजडित हुमा पक्षी होता. ज्याच्यावर हुमाची सावली पडेल तो राजा होतो, अशी जुनी समजूत. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला, सिंहासन तोडून वाटलं गेलं आणि हुमा इंग्लंडच्या राजाला नजर झाला. तो आजही त्यांच्या राजसंग्रहात आहे. आता हा पुतळा बघा. इथंही पक्षी आहे, छत्र आहे, राजा आहे, फक्त रचना उलटी झालीय. तिकडे पक्षी छत्राच्याही वर होता, इकडे तो सुलतानाच्या खाली येऊन वाहन झालाय. सिंहासनाचं ऐकीव वर्णन वापरून कुणीतरी हा पुतळा रचला असावा, असा माझा तर्क आहे. तो तर्कच आहे, पण तेव्हापासून त्या पक्ष्याकडे मला दुसऱ्या कुठल्या नजरेनं बघताच येत नाही.

अशा पुतळ्यांना इंग्रजीत फिगरहेड म्हणतात. जहाजाच्या नाळेतून एक मोठी तिरकी काठी समुद्रावर झेपावलेली असते. तिच्या बरोबर खाली, पाणी कापत जाणाऱ्या लाकडी धारेच्या माथ्यावर हा पुतळा. जागा मोठी अडचणीची. त्या धारेला दोन्ही बाजूंनी कवेत घेईल असा तो कोरावा लागतो, म्हणून पुष्कळ पुतळ्यांचे पाय किंवा वस्त्रांचे घोळ दोन अंगांना फाकलेले दिसतात. छाती पुढे, मान किंचित वर, आणि सगळं शरीर पुढे कललेलं. संग्रहालयात तो सरळ उभा केला की विचित्र दिसतो, कारण तो उभं राहण्यासाठी घडवलेलाच नसतो. एकसंध खोडातून एवढा पुतळा क्वचितच निघायचा. लाकडाचे ठोकळे खुंट्या आणि बोल्टांनी एकमेकांना जखडून आधी एक ओबडधोबड गठ्ठा करायचा आणि मग वाकस, पटाशी आणि मोगरी घेऊन त्यातून माणूस बाहेर काढायचा. सुरुवातीला ओक आणि एल्म वापरत. पुढे वजन कमी व्हावं म्हणून पाइन आलं, कारण नाळेवर जास्तीचा भार पडला की जहाज लाटेत तोंड खुपसतं. पुढे आलेले हात लाटेच्या माऱ्यानं मोडतात, म्हणून काही पुतळ्यांचे हात सुटे करता यायचे. बंदर सोडलं की हात काढून पेटीत ठेवायचे आणि पुढचं बंदर दिसलं की पुन्हा बसवायचे.

आणि एक गोष्ट, जी या पुतळ्यांची सुंदर छायाचित्रं बघताना कुणी सांगत नाही. पुतळ्याच्या लगतच मागे, नाळेच्या उघड्या जाळीदार भागात, खलाशांचे संडास असायचे. वारा मागून येतो, लाटा सगळं धुऊन नेतात, म्हणून जागा सोयीची. जहाजाचा सगळ्यात नटलेला भाग आणि सगळ्यात घाण भाग हातभर अंतरावर. वादळात तिथं जाऊन बसणाऱ्या खलाशाला दिसायची ती पुतळ्याची पाठ, आणि पलीकडे अंगावर येणारा समुद्र.

या शेजाराचा उपयोग स्वीडनच्या 'वासा' जहाजावर कुणीतरी बुद्धी चालवून करून घेतलाय. १० ऑगस्ट १६२८ रोजी हे जहाज पहिल्याच फेरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडालं आणि १९६१ साली वर काढलं गेलं. त्याच्या नाळेवर तीन मीटरहून लांब सिंह झेप घेतोय, बाजूला वीस रोमन सम्राट ओळीनं उभे आहेत. आणि तिथंच, नांगर बांधायच्या तुळईखाली, बाकाच्या खाली अंग चोरून दडलेला एक पोलिश सरदार कोरलाय. स्वीडनच्या राजाचं तेव्हा पोलंडशी युद्ध चालू होतं. म्हणजे संडासाला जाणाऱ्या प्रत्येक खलाशानं येता-जाता शत्रूची ही दशा बघावी. वैर लाकडात कोरून ठेवायची ही तऱ्हा मला समजते.

'सेरिंगापटम'ची तऱ्हा समजायला मला वेळ लागला. इथंही शत्रूच कोरलाय, हरवलेला, मारलेला. पण तो बाकाखाली दडलेला नाही. सगळ्यात पुढे, वाहनावर बसून, छत्र धरून, जहाजाच्याही आधी समुद्रात शिरतोय. आपल्या वाड्यांच्या दारावर जिथं गणेशपट्टी असते, त्या मानाच्या जागी. ज्याला बुडवलं त्यालाच दारावर का बसवायचं? विजयाची मिरवणूक, हे एक उत्तर झालंच. रोमन सेनापती हरलेल्या राजांना रथापुढे चालवत, त्यातलाच हा प्रकार. पण जहाजावरचं माणूसपण मिरवणुकीपाशी थांबत नाही. फिगरहेड म्हणजे जहाजाचा जीव, त्याला धक्का लागला की अपशकुन, अशी खलाशांची घट्ट श्रद्धा होती. १७९४ च्या एका घनघोर लढाईत 'ब्रन्सविक' जहाजावरच्या ड्यूकच्या पुतळ्याची टोपी तोफगोळ्यानं उडाली, तेव्हा कॅप्टन हार्वेनं स्वतःची टोपी उतरवून दिली आणि सुतारानं ती लढाई चालू असतानाच पुतळ्याच्या डोक्यावर खिळ्यांनी ठोकली. बोडक्या डोक्याचा ड्यूक घेऊन खलाशी लढायला तयार नव्हते! आता तोच नियम 'सेरिंगापटम'ला लावा. डेव्हनपोर्टचा, केंटचा कुणी पोरसवदा खलाशी दर वादळानंतर नाळेवर वाकून बघत असणार, आपला टिपू धड आहे ना, त्याची छत्री शाबूत आहे ना. ज्याच्या मरणाचं नाव जहाजाला दिलं, त्याच्याच नाकाकानांची काळजी. मला या विचारानं फार हलवलं.

खर्चाच्या नावाखाली नौदलाच्या साहेबांनी १७९६ साली हे कोरीवकाम बंदच करायचा हुकूम काढला होता. पुतळ्यांऐवजी साधी वळणदार वेलबुट्टी लावा म्हणाले. तो हुकूम नीट पाळलाच गेला नाही. कप्तान आणि खलाशी दोघेही अडून बसले. मग तडजोड म्हणून पूर्ण पुतळ्यांच्या जागी छातीपर्यंतचे अर्धपुतळे आले. एकोणिसाव्या शतकातले बहुतेक ब्रिटिश फिगरहेड असे अर्धेच दिसतात ते म्हणून. 'सेरिंगापटम'ला मात्र सबंध माणूस मिळाला, वर पक्षीही.

अर्धपुतळ्यांतला एक आपल्या फार जवळचा आहे. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या गोदीत 'ट्रिंकोमाली' तरंगत असते. ब्रिटनमधली आज पाण्यावर असलेली ही सगळ्यात जुनी युद्धनौका. नेल्सनची 'व्हिक्टरी' वयानं मोठी खरी, पण ती कोरड्या गोदीत बसलीय. 'ट्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरली. तिच्या नाळेवर पगडीवाला माणूस आहे, छातीपासून वर, समोर बघणारा. तो कुणी राजा नाही, कुणी सेनापती नाही. पूर्वेकडचा माणूस म्हटल्यावर गोऱ्या डोळ्यांना जो दिसायचा तो.

या नौकेची जन्मकथा अशी गुंतागुंतीची आहे की मी ती भेटेल त्याला सांगत असते. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडमधला ओक संपत आला होता आणि मुंबईत साग होता. सागाच्या अंगात तेल असतं, त्यामुळे त्यात ठोकलेलं लोखंड टिकतं. ओकमधल्या आम्लानं तेच लोखंड खाऊन टाकलं असतं. तेव्हा नौका मुंबईत बांधायची ठरली आणि तिचे नकाशे 'जावा' नावाच्या जहाजावरून मुंबईकडे निघाले. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'नं 'जावा'ला गाठलं, तोफांनी फोडलं आणि शेवटी पेटवून दिलं. नकाशे गेले. दुसरी प्रत पाठवावी लागली, काम रखडलं, आणि १८१६ साली कुठं नौकेचा कणा बसला. गोदीचे मुख्य कारागीर जमशेदजी बमनजी वाडियांनी पारशी रिवाजाप्रमाणे त्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला.

'जावा'वर एक बडा प्रवासी होता, लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप. मुंबईच्या फौजेचा सेनापती म्हणून निघाला होता, तो अमेरिकनांच्या हाती सापडला. सुटून पुढे हिंदुस्थानात आलाच. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांच्या सैन्याचा पराभव केला तो याच हिस्लॉपनं. मधल्या काळात, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली आणि पेशवाई आटोपत आली. तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. ऑक्टोबरात मुंबईच्या गोदीतून पगडीवाल्याचं जहाज पाण्यात सरकतंय, नोव्हेंबरात पुण्यातले खरे पगडीवाले शनिवारवाड्यातून उठतायत, डिसेंबरात होळकर. शाळेत आम्हाला खडकी शिकवली, महिदपूर शिकवलं. पण त्याच हिवाळ्याच्या तोंडावर मुंबईतल्या सुतारांनी केलेल्या या कामाबद्दल एक ओळही नव्हती.

'कॉन्स्टिट्यूशन'ची पुढची हकीकत सांगायचा मोह आवरत नाही. १८३४ साली तिच्या नाळेवर अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचा पुतळा बसवला. बॉस्टनमध्ये जॅक्सनचे विरोधक पुष्कळ, गावात संताप उसळला. जुलैच्या सुरुवातीला एका वादळी रात्री सॅम्युएल ड्यूई नावाचा माणूस छोट्या होडीतून एकटाच वल्हवत गेला, पहारा चुकवून वर चढला आणि करवतीनं जॅक्सनचं मुंडकं कापून घेऊन आला. गडगडाटात करवतीचा आवाज कुणाला गेला नाही. पुतळ्याचं मुंडकं कापायला जिवावर उदार होऊन माणूस जातो, यावरून त्या पुतळ्याचं वजन कळावं.

हार्टलपूलला मी 'ट्रिंकोमाली'च्या खालच्या मजल्यावर बराच वेळ होते. वर तोफा, दोरखंड, पितळी कड्या, सगळं छान राखलेलं. खाली डोकं वाकवून चालावं लागतं. एका तुळईवर तळहात टेकला. दोनशे वर्षांचं लाकूड, पण कडा अजून धारदार. नखानं टोकरून पाहावं म्हटलं तर नख घसरतं. तुळई आणि बाजूची भिंत जिथं मिळते तिथला सांधा मी मोबाइलच्या उजेडात पाहिला. दोन लाकडांच्या मधे पोस्टकार्ड शिरणार नाही इतका तो घट्ट बसलाय. सांधा करताना एक बाजू जराशी तासायची, लावून बघायची, काढायची, पुन्हा तासायची, असं कितीदा केलं असेल तेव्हा हे जमलं असेल. या लाकडावर अटलांटिक आपटलाय, पॅसिफिक आपटलाय, नंतर कित्येक वर्षं प्रशिक्षणाला आलेली मुलं इथं झोळ्या टांगून झोपलीत. मधल्या काळात तिचं नावही बदललं होतं, 'फूद्रॉयां' केलं होतं. ते १९९२ साली पुन्हा मूळचं झालं. सांधा मात्र मुंबईत बसवला तसाच.

या गोदीचा इतिहास सुरतेहून आलेल्या एका माणसापासून सुरू होतो. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईत आले आणि त्यानंतर पिढ्यानपिढ्या गोदीचं मुख्य कारागीरपण त्याच घराण्यात राहिलं. गोदीला लागणारा साग मोठ्या प्रमाणावर मलबारातून यायचा. आणि मलबार कंपनीच्या ताब्यात कसा आला? १७९२ च्या तहात टिपूकडूनच. म्हणजे टिपूचं जंगल, त्या जंगलातलं लाकूड, त्या लाकडाचं जहाज, जहाजाला टिपूच्या राजधानीच्या पाडावाचं नाव आणि नाळेवर टिपू. ग्रीनिचच्या त्या पक्ष्यासमोर मी पुन्हा उभी राहिले तेव्हा ही सगळी साखळी डोक्यात होती आणि छत्री बघून हसू आलं नाही.

वाडियांच्या घराण्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. १८०० च्या सुमाराला जमशेदजींनी 'कॉर्नवॉलिस' नावाची नौका बांधली. तिच्या पोटात, कण्यावरच्या मोठ्या तुळईवर, जिथं माल आणि दगडी भार रचला की पुन्हा कुणाची नजर जायची नाही अशा जागी त्यांनी एक ओळ कोरून ठेवली: हे जहाज एका हलकट काळ्या माणसानं बांधलं, सन १८००. शिवी साहेबांच्या तोंडची, अक्षरं जमशेदजींची. त्या वेळी ते कुणाला काही बोलले नाहीत. पुष्कळ वर्षांनी नौका दुरुस्तीला आली, सगळ्यांनी तिची तारीफ केली, तेव्हा त्यांनी ती ओळ दाखवली म्हणे. गोष्ट म्हणूनच मी ती सांगतेय. पण ती पिढ्यान्पिढ्या सांगावीशी वाटली यातच बरंच आलं. जहाजाच्या बाहेर, सगळ्या जगाला दिसेल अशा जागी, जे कोरायचं ते मालकाच्या मर्जीनं ठरणार. इंग्लंडात तर पुतळ्याचं चित्र आधी नौदलाकडे मंजुरीला जायचं, किती खर्च होणार तेही लिहून द्यावं लागायचं. आतल्या तुळईला मंजुरी लागत नाही.

जमशेदजींचं तैलचित्र आज ग्रीनिचच्या त्याच संग्रहालयात आहे, ज्या संग्रहालयात पक्ष्यावरचा टिपू आहे. त्यांच्या हाताखाली साग तासणाऱ्या सुतारांचं चित्र कुणी काढलं नाही. मुंबईत आजही कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेला होडीची नाळ धुतात, तिला हळदकुंकू वाहतात, फुलांच्या माळा घालतात. नाळेला तोंड असतं, मान असतो, ही जाण या किनाऱ्यावर बाहेरून यायची गरज नव्हती. गोदीतल्या ज्या माणसांनी इंग्रजांच्या जहाजांच्या नाळा घडवल्या, त्यांनाही ती असणारच. पगडीवाल्या माणसाकडे बघून त्यांच्यात काय बोलणं झालं असेल, हे मला राहून राहून ऐकावंसं वाटतं.

हे पुतळे टिकवणं आता मोठं काम झालंय. समुद्रावर असताना दरवर्षी रंगाचे थर चढत गेले, जमिनीवर आल्यावर बागांत, फाटकांवर, पावसात उभे राहिले. वरून रंग चकचकीत आणि आत लाकूड भिजून ओल्या मातीसारखं झालेलं, असे कितीतरी निघाले. प्लिमथला २०२० मध्ये जे संग्रहालय नव्यानं उघडलं, तिथं असे चौदा पुतळे मांडलेत. ते सुकवून, आतून सावरून उभे करायला संवर्धकांना खूप खपावं लागलं. अशा कामावर पैसा खर्च होतो याचा मला मनापासून आनंद होतो.

इंग्लंडात राहणाऱ्या किंवा फिरायला जाणाऱ्या मराठी मंडळींना माझं सांगणं आहे की, ग्रीनिच आणि हार्टलपूल झालं की चॅटमच्या जुन्या गोदीतही जा. तिथं मुख्य फाटकापाशी 'वेलस्ली' नौकेचा फिगरहेड आहे. चेहरा आर्थर वेलस्लीचा, म्हणजे पुढे जो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला त्याचा. श्रीरंगपट्टण पडल्यावर तिथला कारभार त्याच्या हातात आला, आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांना त्यानं हरवलं. ही नौकाही मुंबईचीच, १८१५ ची. टेम्स नदीत उभी असताना १९४० साली जर्मन विमानांच्या बॉम्बनं ती बुडाली आणि नंतर वर काढून मोडली. तिची काही लाकडं लंडनच्या न्यायालयाच्या दुरुस्तीत वापरली गेली. पुतळ्याच्या नाकाची ठेवण सरळ आणि लांब आहे, लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. तुम्हीही काढा, आणि सोबत मुलं असतील तर त्यांना असई कुठं आहे ते नकाशावर तिथंच दाखवा. आणि ही नौका मुंबईत बांधली होती, हेही सांगा.